दाब चढवण्यापूर्वी

बॉयलर असो, रासायनिक कारखान्यातला रिअ‍ॅक्टर असो की साधी हवेची टाकी. कामाला लागण्यापूर्वी तिला एकदा तरी असा दाब सोसावा लागतो, जो पुढे आयुष्यभर तिच्या वाट्याला येऊ नये अशी सारी योजना असते. दहा बारवर चालायची टाकी तेरा किंवा पंधरा बारपर्यंत ताणायची, काही काळ तशीच धरून ठेवायची आणि वेल्डची शिवण, फ्लँज, नोझल एकेक करून तपासायचे, असा हा रिवाज आहे. त्यामागचा हेतू उघड आहे. टाकीत काही कमकुवत राहिले असेल तर ते आज, इथेच कळावे. म्हणजे टाकी फुटणे हे या चाचणीच्या दोन संभाव्य उत्तरांपैकी एक उत्तर आहे. ज्याला हा प्रश्न विचारायचा आहे, त्याने दोन्ही उत्तरांची तयारी ठेवली पाहिजे. हे पुस्तक 'फुटली' या उत्तराच्या तयारीबद्दल आहे.

कोणत्याही फॅब्रिकेशन शॉपमध्ये चाचणीच्या दिवशी ही तयारी कितपत असते, ते पाहू. ट्रेलर गेटवर लागलेला असतो. इन्स्पेक्टर दुपारी येणार असतात. सकाळपासून टाकीत पाणी भरणे चालू असते आणि शेवटचा ब्लाइंड बसवताना फिटर सांगतो, "साहेब, हा एक स्टड बसत नाही. भोक जुळत नाहीये." सुपरवायझरचे लक्ष घड्याळाकडे. "अण्णा, सोळा आहेत ना? एकानं काय होतंय! टेस्ट झाल्यावर बघू." पंप सुरू होतो. टाकीभोवती आठ-दहा माणसे जमतात. एक जण पंपावर, एक गेजसमोर, दोघे पाने घेऊन फ्लँजपाशी, आणि रंगकाम कधी सुरू करायचे याची वाट पाहणारा पेंटर चक्क टाकीलाच टेकून उभा. यांतला कोणीही बेपर्वा नसतो. कालची टाकी फुटली नाही, परवाचीही नाही, म्हणून आजचीही फुटणार नाही, एवढाच त्यांचा अनुभव असतो. चाचणी हा त्यांच्या लेखी परीक्षेचा प्रसंग उरलेला नसतो. प्रमाणपत्रावर सही होण्यापूर्वीचा तो एक विधी झालेला असतो.

ही सवय समजून घ्यायची तर या चाचण्या आल्या कुठून, हे पाहावे लागते. वाफेच्या युगात बॉयलर फुटणे नवलाचे नव्हते. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट होऊन अनेक माणसे दगावली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. निरनिराळ्या प्रांतांचे निरनिराळे कायदे एकत्र करणारा अखिल भारतीय कायदा १९२३ चा. त्याखालचे तपशीलवार नियम, ज्यांना आपण 'आयबीआर' म्हणतो, ते १९५० चे. आता २०२५ च्या नव्या कायद्याने १९२३ च्या कायद्याची जागा घेतली आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉक्टन गावी २० मार्च १९०५ रोजी बुटांच्या एका कारखान्यात बॉयलर फुटला आणि ५८ माणसे मेली. दोन वर्षांत त्या राज्याने बॉयलरसाठी कायदेशीर नियम केले. तिथल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एएसएमईने, त्यातूनच पुढे आपली पहिली बॉयलर संहिता तयार केली; ती १९१४ ची आवृत्ती म्हणून ओळखली जाते. आज तळोजा, अंबरनाथ, भोसरी, सातपूर, बुटीबोरीच्या शेडमध्ये जी पात्रे बनतात, त्यांतल्या कितीतरी पात्रांच्या ड्रॉइंगवर त्याच संहितेचा उल्लेख असतो.

या इतिहासातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. नियम झाले ते वापरात असलेली यंत्रे फुटत होती म्हणून. वापरणाऱ्यांना वाचवायचे तर यंत्र आधीच, वाढीव दाबाखाली, तपासले पाहिजे असे ठरले. त्यामुळे धोका नाहीसा झाला नाही, त्याची जागा बदलली. साखर कारखान्याच्या बॉयलरजवळ पूर्ण गळीत हंगाम वावरणाऱ्या शेकडो कामगारांच्या वाट्याची जोखीम आता हंगामापूर्वीच्या एका दिवशी, हायड्रो टेस्ट घेणाऱ्या चार-पाच जणांच्या वाट्याला येते. समाजाने हा सौदा जाणून केला आहे आणि तो शहाणपणाचाही आहे. मात्र शेकडोंची जोखीम ज्या चार-पाच जणांवर आपण टाकली, त्यांची काळजी घेणे हा त्या सौद्याचाच भाग होता. तो भाग अनेक ठिकाणी पाळला जात नाही.

काळजी म्हणजे नेमके काय, याचे उत्तर हेल्मेट आणि बूट यांपासून सुरू होत नाही. ते सुरू होते ऊर्जेच्या हिशेबापासून. पुस्तकाचे तिसरे प्रकरण पूर्णपणे या हिशेबाचे आहे. इथे त्याची एक झलक देतो.

दहा घनमीटरची एक टाकी घ्या. तिच्यात पाणी गच्च भरून दाब दहा बारपर्यंत, शॉपच्या बोलीत 'दहा किलो'पर्यंत, चढवला. पाणी फारसे दाबले जात नाही, म्हणून त्यात साठणारी ऊर्जाही किरकोळ असते: साधारण सव्वादोन किलोज्यूल. आता त्याच टाकीत, त्याच दाबाला, पाण्याऐवजी हवा भरली. हवा स्प्रिंगसारखी दाबली जाते आणि दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची मेहनत आपल्या पोटात साठवते. हिशेब मांडला तर ही ऊर्जा येते सुमारे साडेतेरा मेगाज्यूल, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ सहा हजार पट. एक टन वजनाची मोटार समुद्रसपाटीपासून तोरण्याच्या माथ्यापर्यंत उचलायला जितकी ऊर्जा लागेल, तितकी ही आहे. टीएनटीच्या भाषेत बोलायचे तर तीन किलोंहून थोडी जास्त. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही टाक्यांत काहीच फरक दिसत नाही. तोच पत्रा, तेच सॅडल, गेजचा काटाही तिथेच.

म्हणून या विषयातला पहिला आणि सगळ्यात मोठा निर्णय 'पाणी की हवा' हा आहे, आणि तो फिटर घेत नाही. तो ड्रॉइंग ऑफिसात होतो. काही ठिकाणी पाणी खरोखरच चालत नाही. आतल्या थरात ओल राहिली तर पुढची प्रक्रिया बिघडते, किंवा पात्राचा पाया आणि आधार पाण्याचे वजन पेलू शकत नाहीत. तिथे हवा किंवा नायट्रोजन वापरावा लागतो. एरवी मात्र "पाणी भरायला आणि काढायला वेळ जातो" किंवा "आत गंज येईल" ही कारणे सांगितली जातात. सहा हजार पट ऊर्जेच्या तुलनेत त्या कारणांचे वजन किती, हे ज्याने त्याने ठरवावे. पण ठरवणाऱ्याने ते कागदावर, आपल्या सहीनिशी ठरवावे.

हवेने चाचणी घ्यावीच लागली तर तिची पद्धत ठरलेली आहे. एएसएमई संहितेनुसार दाब आधी हळूहळू चाचणीच्या निम्म्यापर्यंत न्यायचा. पुढे साधारण दहाव्या-दहाव्या हिश्श्याने पायऱ्या चढायच्या. शिखरावर पोचल्यावर दाब उतरवायचा, आणि उतरवल्यानंतरच साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन माणसाने जवळ जायचे. माणसे किती दूर ठेवायची याचाही हिशेब आहे. याच संस्थेच्या पीसीसी-२ या मानकात साठलेल्या ऊर्जेवरून अंतर काढण्याची रीत दिली आहे. वरच्या दहा घनमीटरच्या टाकीसारख्या प्रकरणात तीस मीटर हे किमान अंतर. सूत्राने जास्त आले तर जास्त. मध्यम आकाराच्या शेडची रुंदी सहसा तीस मीटर नसते. याचा सरळ अर्थ असा की हवेची चाचणी चालू असताना शेजारच्या बेमधले वेल्डिंग, ग्राइंडिंग, पॅकिंग थांबवून शेड रिकामी करावी लागेल, किंवा चाचणी सुटीच्या दिवशी मोकळ्या जागेत घ्यावी लागेल. लाल-पांढरी फीत टाकीभोवती दोन मीटरवर बांधून हे साधत नाही. २००९ साली शांघायजवळच्या एलएनजी टर्मिनलवर हवेनेच चाचणी चालू असताना नळ फुटला आणि त्यात जीवितहानी झाली, अनेक जण जखमी झाले. ठरवलेला दाब तेव्हा अजून गाठलेलाही नव्हता.

इतके वाचून 'मग पाणी म्हणजे निर्धोक' असा समज झाला, तर हे पुस्तक फसले म्हणायचे. डिसेंबर १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन इथे अमोनिया निर्मितीसाठी बनवलेल्या एका अवजड पात्राची पाण्यानेच चाचणी चालू होती. भिंतीची जाडी सुमारे दीडशे मिलिमीटर. दाब साडेतीनशे बारच्या जवळ, ठरलेल्या आकड्याच्या तोंडाशी आला असताना पात्र काचेसारखे तडकले. दोन टनांचा एक तुकडा कार्यशाळेची भिंत भेदून सुमारे सेहेचाळीस मीटरवर जाऊन पडला. वेल्डच्या बाजूला बारीक भेग राहिली होती आणि वेल्डनंतरची उष्णता-प्रक्रिया पुरेशा तापमानाला झाली नव्हती. इथे दोन धडे आहेत. पाण्यातली ऊर्जा दाबाच्या वर्गाने वाढते. दाब दहा बारवरून साडेतीनशेवर गेला, म्हणजे पस्तीस पट झाला, तर तेवढ्याच पाण्यातली ऊर्जा हजार पटीच्याही पुढे जाते. आणि जाड पोलाद थंड असताना ठिसूळ वागू शकते. म्हणूनच धातूचे तापमान त्याच्या किमान डिझाइन तापमानापेक्षा १७ अंश सेल्सिअस तरी वर असावे, अशी सूचना संहितेत आहे. हिवाळ्यातल्या पहाटे टाकीतले गार पाणी भरून जाड पात्राची चाचणी उरकणाऱ्यांनी ती वाचावी.

पाण्याच्या चाचणीतले बहुतेक अपघात मात्र इतके भव्य नसतात. ते छोट्या गोष्टींत होतात, आणि त्या गोष्टी टाळता येण्यासारख्या असतात. पात्राच्या सर्वांत उंच जागी व्हेंट नसेल तर तिथे हवा अडकते, आणि तेवढ्या भागापुरती पाण्याची चाचणी हवेची होते. सहाशे मिलिमीटर व्यासाच्या ब्लाइंडवर पंधरा बारला सुमारे त्रेचाळीस टनांचा जोर येतो. तो सोळा स्टडनी वाटून घ्यायचा असतो, आणि "एकानं काय होतंय" या प्रश्नाचे उत्तर त्या वाटणीत आहे. थेंब-थेंब गळणारा फ्लँज दाब असतानाच आवळायचा मोह तर जवळपास प्रत्येक शॉपमध्ये दिसतो. ताणलेल्या स्टडला आणखी ताण दिला तर तो तुटू शकतो, आणि तेव्हा पाना धरलेला माणूस नेमका त्याच्या समोर असतो. आधी दाब शून्यावर, मग पाना. याला अपवाद नाही.

बारीक गळती हाताने चाचपणे हा असाच एक प्रकार. उच्च दाबाचे पाणी किंवा तेल सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येते तेव्हा ते कातडी भेदून आत शिरते. बाहेरून टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही फारसे नाही. आत मात्र द्रव बोटभर, हातभर पसरलेला असतो. अशा माणसाला मलमपट्टी करून घरी पाठवणे म्हणजे त्याचे बोट, कधीकधी हात, घालवणे. त्याला ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचे आणि 'दाबाखालचा द्रव आत शिरला आहे' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचे. या एका गोष्टीसाठी पुस्तकात स्वतंत्र पान ठेवले आहे. ते कापून प्रथमोपचाराच्या पेटीवर चिकटवावे.

बॉयलरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. हायड्रोच्या वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून त्याला गॅग लावतात. चाचणी पार पडते, चहा होतो, सगळे पांगतात, आणि गॅग तसाच राहतो. त्या दिवशी काहीच होत नाही. पुढे बॉयलर पेटल्यावर जो व्हॉल्व्ह माणसांना वाचवणार, तो जखडलेला असतो. त्यामुळे गॅग किती लावले आणि किती काढले याची नोंद चाचणीच्या अहवालातच हवी, अहवालावर सही होण्यापूर्वी. पाणी काढताना व्हेंट बंद राहिला तर आत निर्वात होऊन पातळ पत्र्याची टाकी आत चेपते, आणि नायट्रोजन भरून झालेल्या पात्रात 'जरा बघून येतो' म्हणत उतरलेला माणूस एका-दोन श्वासांत कोसळतो, हेही इथेच सांगायला हवे. दाब उतरला म्हणजे चाचणी संपली असे नाही.

गेज आणि नायट्रोजनच्या सिलिंडरबद्दल थोडक्यात. तीस मीटर उंच उभ्या पात्राच्या तळाशी लावलेले गेज माथ्यापेक्षा तीन बार जास्त दाखवते, म्हणून गेज कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय त्याचा आकडा वाचू नये. आणि नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये दीडशे बारच्या आसपास दाब असतो. रेग्युलेटर बिघडला तर तो सगळा पात्राकडे धावतो, म्हणून चाचणीच्या जोडणीत स्वतंत्र रिलीफ व्हॉल्व्ह हवाच. नळांच्या हवेच्या चाचणीसाठी त्याची मर्यादा ठरलेली आहे: चाचणीच्या दाबापेक्षा दहा टक्के किंवा सुमारे साडेतीन बार, यांपैकी जे कमी असेल तेवढेच वर.

या सगळ्यात एक सूत्र आहे. व्हेंटची जागा, रिलीफ व्हॉल्व्ह, पूर्ण स्टड, अंतर, पाणी की हवा, यांतली प्रत्येक गोष्ट पंप सुरू होण्यापूर्वी ठरलेली असते. पंप सुरू झाल्यावर कामगाराच्या हाती फार थोडे उरते. फुटलेल्या ब्लाइंडपासून कोणी चपळाईने वाचत नाही. तरीही अपघातानंतरच्या अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे शब्द पटकन येतात, कारण ते लिहायला सोपे असतात आणि त्यांनी कोणाचे टेबल हलत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३१ ने दाबाखाली चालणाऱ्या यंत्रसामग्रीत सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही यासाठी परिणामकारक उपाय योजणे बंधनकारक केले, तेव्हा ती जबाबदारी पान्यावर काम करणाऱ्या हेल्परवर टाकलेली नव्हती. दाबाखालचे वायू साठवणाऱ्या पात्रांची देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय नागपुरात आहे. राज्याचे बाष्पके संचालनालय आहे, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. यंत्रणा आहेत. पण इन्स्पेक्टर येईपर्यंत जे ठरून गेलेले असते, ते कारखान्यातच ठरलेले असते.

इन्स्पेक्टरांच्या बाबतीतही एक गैरसमज दूर करायला हवा. शिखराच्या दाबाला त्यांनी पात्राभोवती फिरून बघितले पाहिजे असे शॉपमध्ये मानतात. एएसएमईच्या पात्र-संहितेत तसे नाही. तेरा बारला चाचणी झाली की दाब दहावर उतरवून मग बारकाईने तपासणी करायची मुभा आहे. म्हणजे सगळ्यात जास्त ताणाच्या क्षणी टाकीजवळ कोणीच नसले तरी चाचणी नियमाला धरूनच होते. गेज लांब नेऊन, पंप आडोशाला ठेवून हे सहज जमते. खर्च येतो तो थोड्या होजचा आणि थोड्या शिस्तीचा.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिली दोन प्रकरणे पात्रे, त्यांचे भाग आणि दाबाच्या मोजमापाची. आयटीआयच्या विद्यार्थ्याला समजतील अशा भाषेत. तिसरे ऊर्जेचे, चौथे पाण्याच्या आणि पाचवे हवेच्या चाचणीचे. सहाव्यात चाचणीचा परवाना कसा लिहावा, त्यावर कोणी सही करावी आणि 'थांबा' म्हणण्याचा अधिकार कोणाला असावा, याचे नमुने आहेत. आमच्या मते तो अधिकार चाचणीच्या जागी उभ्या असलेल्या प्रत्येकाला हवा, हेल्परलाही, आणि तो वापरल्याबद्दल त्याला कोणी बोलता कामा नये. शेवटच्या प्रकरणात एकपानी तपासणी-याद्या आहेत. त्यांच्या झेरॉक्स काढून शॉपमध्ये लावायला आमची हरकत नाही, उलट तीच इच्छा आहे. शब्द मुद्दाम शॉपमधलेच ठेवले आहेत. ब्लाइंड, स्टड, गॅस्केट, गेज यांना भारी प्रतिशब्द शोधत बसलो असतो तर ज्याच्यासाठी लिहिले तोच परका झाला असता.

फिटर, वेल्डर, सुपरवायझर, सुरक्षा अधिकारी, लहान वर्कशॉपचे मालक, सगळ्यांनी हे वाचावे असे वाटते. पण कारखान्यात पुस्तकाची एकच प्रत येणार असेल आणि ती एकाच टेबलावर जाणार असेल, तर ती डिस्पॅचची तारीख ठरवणाऱ्याच्या टेबलावर जावी. टाकी फुटली तर तिच्यासमोर कोण उभा असेल, हे बहुतेक वेळा त्या तारखेनेच ठरते.